सवलती गाठूनही किराण्याचं बिल का उतरत नाही?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं आहेत, सवलतीचे दिवस गाठून, दोन-दोन दुकानं फिरून खरेदी करता, तरी महिन्याचं बिल खाली येत नाही; आता आणखी कशाला कात्री लावू? आमच्या घरातही पाचच माणसं आणि तीन वर्षांपूर्वी मी नेमकी याच कोंडीत होते. म्हणून माझ्या अनुभवावरून सांगते, एवढ्यात कशालाच कात्री लावू नका. आधी घरातून काय फेकलं जातंय ते बघा.

मी एक कोरा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि शेजारी दोरीने पेन बांधलं. खाण्याची कुठलीही गोष्ट कचऱ्यात गेली की टाकणाऱ्याने लिहायचं: काय, अंदाजे किती आणि का. आणि लिहिलेल्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. ही अट सोडू नका, कारण एकदा त्या कागदावरून वाद झाला की माणसं लिहायचं थांबवतात आणि गुपचूप टाकायला लागतात. महिनाअखेर कागदावर 34 ओळी होत्या. निम्म्याहून जास्त ओळी तीनच गोष्टींच्या: पालेभाजी, ब्रेड आणि रात्रीचा उरलेला भात. तोवर मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे की आमच्याकडे काही वाया जात नाही. मला ते खरंच तसं वाटत होतं.

हे फक्त तुमच्या-आमच्या घरातलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली जो अहवाल काढला, त्यात 2022 या वर्षाचा हिशेब आहे. जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. माणशी वर्षाला 79 किलो. यात साली, बिया, हाडं असं न खाण्याजोगंही धरलंय, पण ते वजा करूनही जे उरतं ते विकत आणलेलं, निवडलेलं आणि बऱ्याचदा शिजवलेलंसुद्धा असतं.

आमच्या त्या तीन गोष्टींचं काय केलं ते सांगते, कारण तुमच्याही कागदावर बहुधा त्यांचेच भाऊबंद निघतील. पालेभाजी पिवळी पडायची, कारण मी ती फळांशेजारी ठेवत होते. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. आता फळं वेगळी, आणि पालेभाजी न धुता, कोरड्या कापडात सैल गुंडाळून. ओली ठेवली की सडतेच. कांदे-बटाटेही मी एकाच टोपलीत ठेवायचे. तेही वेगळे केले, बटाट्यांना मोड यायचं कमी झालं.

ब्रेड आम्ही फ्रिजमध्ये ठेवायचो. तिथे त्याला बुरशी उशिरा येते हे खरं, पण तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक आणि कोरडा होतो, मग मुलं खात नाहीत. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर कापे सुटे करून थेट फ्रीझरमध्ये. लागतील तेवढेच काढून भाजायचे.

भाताचं दुखणं मापाचं होतं. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच-तीन पट होतो, म्हणजे अंदाजाने टाकलेली एक जास्तीची मूठ ताटात तीन मुठी होऊन येते. आता वाटी ठरलेली आहे, पाहुणा आला तर अर्धी वाटी वर. तरीही उरलाच तर पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकाच. तिथे बचतीचा विचार करू नका. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिजचं तापमान 4 अंश किंवा त्याखाली आहे ना, हेही एकदा पाहून घ्या.

पाकिटावरच्या तारखांनीही बरंच चांगलं अन्न कचऱ्यात जातं. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव आणि दर्जा उत्तम. नीट ठेवलेला कोरडा माल त्यानंतरही वास-रंग पाहून वापरता येतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ लिहिलं असेल तर ती सुरक्षिततेची तारीख. ती ओलांडायची नाही.

आता दुकानाकडे वळू. इथे मी एकच सवय लावायला सांगेन: पाकिटाची किंमत वाचणं सोडा, किलोचा भाव काढा. फोनवर दहा सेकंद लागतात. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतं असं नाही, हे मला असंच कळलं. 400 ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत गुपचूप 360 ग्रॅमचं झालं तर भाव 11 टक्के वाढलेला असतो आणि बिलावर काहीच दिसत नाही. तेलात तर आणखी एक मेख आहे. काही बाटल्यांवर लिटर लिहिलेलं असतं, काहींवर किलो, आणि आपण दोन्ही सारखंच धरतो. पण तेल पाण्याहून हलकं असतं, 1 लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. एकाच किमतीला लिटर आणि किलो शेजारी दिसले तर किलो उचला.

सवलतींचं गणितही याच पट्टीने तपासा. तीनच्या किमतीत चार म्हणजे 25 टक्के सूट. त्या चारांतलं एक खराब होऊन टाकलं तर सूट संपली, आपण पूर्ण किंमत मोजली. म्हणून न बिघडणाऱ्या आणि तुमच्याकडे नक्की संपणाऱ्या वस्तूंवरच्याच सवलती घ्या. धान्य-कडधान्य जास्त घेणार असाल तर किडीचा विचार आधी. फ्रीझरमध्ये जागा असेल तर हवाबंद पिशवीत चार दिवस ठेवून मग डब्यात भरा, आतली किडीची अंडी मरतात.

दोन दुकानं फिरणं मी बंद केलं. दुसऱ्या दुकानात एका वस्तूवर जे वाचायचं, ते यादीत नसलेल्या दोन वस्तूंवर जायचं. जमेल तिथे ढकलगाडीऐवजी हातातली टोपली घ्या. 1937 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ही गाडी आणली, ती टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरतं घेतं हे पाहूनच. तो जडपणा आपल्या कामाचा आहे.

यादी करायची ती फ्रिज आणि डबे उघडून, आठवणीवर विसंबून नाही. आठवड्याचा बेत आम्ही पाचच दिवसांचा ठरवतो, दोन दिवस उरल्यासुरल्यासाठी मोकळे. सातही दिवस ठरवले की कुठेतरी एक दिवस चुकतो आणि त्या दिवसाची भाजी पडून राहते.

आणि कृपा करून मुलांच्या फळांना आणि कडधान्यांना कात्री लावू नका. तंगी आली की पहिला हात तिकडेच जातो, माझाही गेला होता, आणि सासूबाईंनी मला थांबवलं. त्याऐवजी गोड पेयं आणि पाकिटातला खाऊ यांचा वेगळा हिशेब महिनाभर लिहा; आमच्याकडे तो आकडा फळांच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला.

पुढची खरेदी शनिवारी करणार असाल तर त्याआधीचे दोन दिवस घरात आहे त्यातच भागवा. कागद मात्र आज रात्रीच लावा, आणि पहिली ओळ तुम्ही स्वतः लिहा, म्हणजे बाकीच्यांना लिहायला संकोच वाटणार नाही.