घरच्या सुतारकामाचा बेंच बनवायचा आहे, वरची फळी सागवानाची घ्यावी की बाभळीची?

बाभळीचीच घ्या भाऊ, पण पूर्ण वाळलेली. सागवान बाभळीपेक्षा हलकं अन् नरम, त्यावर पटाशी-हातोड्याचं काम केलं की बेंच थरथरतो, बाभूळ जड अन् चिवट, म्हणून तर आपल्याकडं वखर, डवरा, बंडीची (बैलगाडीची) चाकं पिढ्यान्‌पिढ्या वाढई लोकं बाभळीचीच करत आले. फळी ३ इंच जाड ठेवा, पाय सागवानाचे चालतात. पायाला आरपार भोक पाडून आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली बारीक जीभ, त्यात घाला अन् बाहेरून लाकडी पाचर ठोका, नुसत्या खिळ्यानं रंधा मारताना सांधा ढिला होतेच. उंची म्हणाल तर सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाजवळ यावी, रंध्याला अंगाचा जोर तिथंच लागते.

फक्त ओली बाभूळ बिलकुल घेऊ नका, मे महिन्याच्या उन्हात ती पिळा खाते अन् फाटते, जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर सावलीत वाळवावं लागते, अन् कडेचं पांढरं लाकूड आधीच काढून टाका, भुंगा तिथंच लागते. एवढं थांबणं जमत नसन तर मोडीत निघालेल्या बंडीचं लाकूड पाहा, ते वाळलेलंच असते, फक्त रंधा लावायच्या आधी आतले खिळे नीट शोधून काढा.