पॅरिसचे संप आणि पगारातून जाणारी पेन्शन

कंपनीतर्फे पॅरिसला यायचं ठरतंय, पण तिथे सारखे संप असतात आणि पेन्शनसाठी भरमसाट कापतात म्हणे, हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचं मूळ एकच.

आधी पैशाचं बघू. ऑफर लेटरमधला आकडा ग्रॉस असतो. त्यातले २२ ते २५ टक्के सामाजिक वर्गणीत जातात, त्यातला जवळपास निम्मा भाग पेन्शनचा. आयकर वेगळाच. हा पैसा पीएफसारखा तुमच्या नावावर साठत नाही. आज कापला की आजच्याच पेन्शनरांना वाटला जातो. १९६० च्या सुमारास एका पेन्शनरामागे चार कमावते होते, आता पावणेदोनही नाहीत. जीडीपीचे सुमारे १४ टक्के पेन्शनवर खर्च होतात. इथले निवृत्त लोक सरासरी कमावत्यांइतकेच सुखात राहतात, ते असं.

पूर्ण पेन्शनला ४३ वर्षं भरावी लागतात. तिशी उलटून येणाऱ्याची ती कुठून भरायची? ६७ ला थांबलात तर वर्षं कमी पडल्याचा वेगळा दंड नाही, पण रक्कम भरलेल्या वर्षांच्या हिशेबानेच. म्हणून एचआरला पहिलं हे विचारा: डेप्युटेशन की फ्रेंच करार? भारत-फ्रान्स सामाजिक सुरक्षा करार जुलै २०११ पासून लागू आहे. डेप्युटेशनवर ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट (तुमची वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला) काढलंत तर पाच वर्षांपर्यंत इथल्या पेन्शनची वर्गणी टळते. फ्रेंच करार असेल तर पगाराच्या सगळ्या स्लिपा जन्मभर जपा.

आता संप. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायला सरकार निघालं, तेव्हा आठ संघटना एकत्र आल्या. संपाच्या दिवसाचा पगार बुडतो, म्हणून बहुतेकांसाठी आधी ठरवलेल्या तारखांचे मोर्चे. आणि रेल्वे, रिफायनऱ्या, कचरा अशा नाड्या हातात असलेल्यांचा सलग संप. पॅरिसमध्ये दहा हजार टनांच्या आसपास कचरा साचला होता. फुटपाथवर पिशव्या छातीपर्यंत, माणसं रस्त्यातून चालायची. मोर्चात मात्र संघटनांच्या गाड्यांमागे सॉसेज भाजत असतात, पोरंबाळंही येतात. ७ मार्चची गर्दी सरकारच्या मते पावणेतेरा लाख, सेजेटे या संघटनेच्या मते ३५ लाख. (हा खेळ आपल्याला काही नवा नाही.) १६ मार्चला पंतप्रधान बोर्न यांनी राज्यघटनेचं कलम ४९.३ वापरून संसदेतलं मतदानच टाळलं. त्याच आठवड्यात आपल्याकडे 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य कर्मचारी संपावर होते!

१९९५ मध्ये तीन आठवड्यांच्या संपापुढे ज्युपे सरकार पेन्शनच्या मुद्द्यावर नमलं. २०२३ मध्ये कायदा झाला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान लेकोर्नू यांनी तो जानेवारी २०२८ पर्यंत थांबवायची घोषणा केली. विसाव्या वर्षापासून ओझी उचलणाऱ्याचा राग मला पटतो. ऑफिसात बसून ६२ चा हट्ट धरणाऱ्यांचा नाही, कारण ते बिल आता पंचविशीत असलेल्यांवर फाटतं.

रोजच्या जगण्यात मात्र संप अचानक कोसळत नाही. सार्वजनिक सेवेत पाच दिवस आधी नोटीस लागते, आणि कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळी ॲपवर येतं. मेट्रोच्या १, ४ आणि १४ नंबरच्या लाइन विनाड्रायव्हरच्या आहेत, त्या संपातही बहुधा चालतात. घर शोधताना भाडं थोडं जास्त पडलं तरी त्यांच्या जवळच बघा. आरईआर या उपनगरी रेल्वेवर अवलंबून असाल तर घरून काम करायची मुभा करारात लिहून घ्या.