ज्याला प्रकरण मिळालं नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'द डर्ट', मॉटली क्रू या अमेरिकन रॉक बँडचं आत्मचरित्र, एका बैठकीत संपवलंस, पहाटेपर्यंत हसत होतीस आणि सकाळी ते हसणं आठवून स्वतःचीच किळस आली. आता विचारतेस, काका, मॉटली क्रूची गाणी ऐकणं सोडून देऊ का? ऐक नाहीतर सोड, त्याने कुणाचं काही भरून येणार नाही. मला बोलायचंय ते तू पुस्तक कसं वाचलंस त्याबद्दल.

लेखक नील स्ट्रॉसला हाताशी धरून बँडमधल्या चौघांनी आळीपाळीने सांगितलेलं, 2001 मध्ये आलेलं हे पुस्तक. बेस वाजवणारा निकी सिक्स एक सांगतो, ड्रमर टॉमी लीला ते वेगळंच आठवतं, गायक विन्स नीलचं तिसरंच. म्हणूनच ते इतकं खरं वाटतं. चार बाजू ऐकल्या की सगळ्या बाजू ऐकल्यासारखं वाटतं, आणि तू तिथेच फसलीस. त्यात मॅनेजरलाही बोलायला स्वतःचं प्रकरण मिळालंय. विन्स नव्हता तेव्हा गायलेल्या जॉन कोराबीलाही मिळालंय. म्हणून सांगतो, ज्याला प्रकरण मिळालं नाही त्याला शोध.

8 डिसेंबर 1984 घे. हॅनोई रॉक्स हा फिनलंडचा बँड तेव्हा अमेरिकेत होता. त्यांच्या गायकाचा घोटा मोडल्यामुळे बाकीचे लॉस एंजेलिसमध्ये मोकळे होते. विन्सच्या घरी पार्टी चालू होती. दारू संपली, तशी आणखी आणायला विन्स आणि हॅनोई रॉक्सचा ड्रमर रॅझल गाडी घेऊन निघाले. रेडोंडो बीचला गाडी समोरच्या गाडीवर आदळली. रॅझल गेला, 24 वर्षांचा होता. समोरच्या गाडीतले दोघे कायमचे जायबंदी झाले. विन्सला 30 दिवसांची कैद झाली, तीही पूर्ण भोगावी लागली नाही. 26 लाख डॉलर भरपाई भरली आणि पुढच्याच वर्षी नवा अल्बम आला, रॅझलला अर्पण केलेला. या रात्रीबद्दल विन्स बोलतो, त्याला ती छळते हेही मला पटतं. पण त्या समोरच्या गाडीतल्या दोघांचं पुढे काय झालं, हे तू शोधलंस का? वाचताना तुझ्या मनात तरी आलं का?

तुझ्या बँडमधली मुलं 23 डिसेंबर 1987 ची गोष्ट तोंडपाठ म्हणत असतील. हेरॉइनने निकी मेला, अ‍ॅड्रेनॅलिनची इंजेक्शनं देऊन त्याला परत आणलं, आणि त्यातूनच दोन वर्षांनी 'किकस्टार्ट माय हार्ट' हे गाणं झालं. ती सुई टोचणाऱ्याला प्रकरण आहे का? विचार त्यांना. खांदे उडवतील. मग त्यांना सांग, 2019 मध्ये, पुस्तकातल्या एका बाईवरच्या अत्याचाराचा विषय पुन्हा निघाला तेव्हा, निकीनेच म्हटलं की तो प्रसंग आपल्याला आठवतच नाही, त्या मुलाखतीही फारशा आठवत नाहीत, आपण कदाचित वाढवून सांगितलं असेल. त्याने माफीही मागितली. म्हणजे अठरा वर्षं लोक ज्याला बेधडक खरेपणा म्हणत होते, त्याची खात्री सांगणाऱ्यालाच नव्हती. आणि त्या बाईला प्रकरण नाही. तुला किळस आली ती इथेच ना? मग ती जपून ठेव, ती चांगली आहे.

(चौथा, गिटारिस्ट मिक मार्स, त्याची पानं मात्र पुन्हा वाच. मणका आखडत नेणारा आजार घेऊन तो माणूस उभा राहून वाजवत होता. आणि विन्सची चार वर्षांची मुलगी 1995 मध्ये कॅन्सरने गेली, तेही वाच. तिथे कुणीच मिरवत नाही.)

मी एवढा का चिडतो, ते ऐक. 1996 साली आमचा बँड नाशिकला वाजवून रात्रभर पीत पुण्याला परत येत होता. उसनी आणलेली व्हॅन, चालवणारा झिंगलेला, शेजारी मी. उजाडताना आम्ही दूधवाल्याच्या सायकलला धडक दिली आणि थांबलो नाही. मागच्या काचेतून तो पाय धरून बसलेला दिसला, किटल्या आडव्या, डांबरावर दूध. पुढची दहा-बारा वर्षं हीच गोष्ट आम्ही मैफिलीत सांगायचो, दुधाच्या अभिषेकाची गोष्ट म्हणून. सगळ्यात रंगवून मी सांगायचो. किती खुल्लमखुल्ला माणूस, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. त्याच्या पायाचं काय झालं, हे एकाही श्रोत्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जुन्या मित्रांत कुणीतरी ती गोष्ट पुन्हा काढली. मी ताटावरून उठलो. तेव्हापासून बोलणं बंद आहे. म्हातारपणी सोवळा झालो म्हणतात. म्हणोत. मी आजही तेवढ्याच मोठ्या आवाजात मॉटली क्रूचं 'डॉक्टर फीलगुड' लावतो, मला गाण्यांचा राग नाही. पण त्या टेबलावर त्या माणसाची बाजू घेणारं कुणी नव्हतं, आणि एवढ्या वर्षांनी का होईना, मी उठलो यात मला काहीही चुकीचं वाटत नाही. आधी उठायला हवं होतं, एवढंच.

तेव्हा पोरी, पुस्तक परत करायची घाई करू नकोस. पेन्सिल घेऊन पुन्हा बस. कुणी वाक्यात नुसतं येऊन जातं, त्या प्रत्येकाखाली रेघ ओढ. रविवारी ये, बेस घेऊन ये. हॅनोई रॉक्सचा 1984 चा अल्बम काढून ठेवतो, त्यात ड्रम्सवर रॅझल आहे. आधी नुसता त्यालाच ऐकू.