वहीतले कोरे सोमवार

"रात्री अर्धीच भाकरी खाल्ली ओ मॅडम, तरी सकाळी साखर 152!" मधुमेहाचं निदान नुकतंच झालेली माणसं थोड्याफार फरकाने हेच बोलतात. एवढं पाळतोय, मग आकडा का ऐकत नाही?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) असलेले एक गृहस्थ (ओळखीचे तपशील बदललेत) दिवसातून सात-आठदा बोट टोचत. बायको म्हणाली, "आकडा बघून ह्यांचं तोंड ठरतंय. जास्त आला की जेवणच नको म्हणतात."

बोटाच्या कडेला टोचलं तर कमी दुखतं, हात धुऊन कोरडे करावेत, फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो, हे सांगून झालं. पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडतं, हेही सांगितलं. "म्हणजे माझी चूक नाही?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तिथेच थांबले. माणसाला घाबरवतो तो आकड्याला त्याने चिकटवलेला अर्थ, यावर माझा वर्षानुवर्षांचा विश्वास आहे.

त्यांची वही चाळली. सगळे सोमवार कोरे.

"सिद्धेश्वराचा उपवास असतो की. उपवासाला साखर कशी वाढंल?"

"खाता काय?"

"साबुदाण्याची खिचडी. ताट भरून."

येत्या सोमवारी दोनदाच तपासा म्हटलं: खिचडीआधी, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी.

आकडे आले 128 आणि 246. ते बराच वेळ वहीकडे बघत बसले. मीही बोलले नाही. अशी शांतता मोडायची नसते, हे मी अनुभवातून शिकलेय. मग म्हणाले, "कापडात फॉल्ट आला तर मी मागाला शिव्या घालत नाही. कुठला धागा गेला ते बघतो."

जे मी चार भेटींत सांगू पाहत होते, ते त्यांनी स्वतःच्या भाषेत मांडलं होतं.

तेव्हापासून मी सगळ्यांनाच आकड्याशेजारी एक रकाना आखायला सांगते: काय खाल्लं, किती चाललो, झोप झाली का, घरात ताण होता का. जेवणाआधी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत, ही सर्वसाधारण मर्यादा. तुमची मर्यादा आणि किती वेळा तपासायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फक्त गोळ्यांवर असलेल्या अनेकांना रोज टोचायची गरज नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं. मात्र घाम, थरथर आणि आकडा 70 च्या खाली असेल, तर आधी साखर खा, वही नंतर. आणि एका सकाळच्या आकड्यावर स्वतःला तोलू नका. दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज एचबीएवनसी ही रक्ततपासणी देते.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. सोमवार: अर्धी वाटी खिचडी, काकडी, तलावाकाठी चालणं, 172. मंगळवारी सकाळी 158. त्यापुढे बायकोच्या अक्षरात दोनच शब्द होते: "तरी जेवले."