कोयना-वारणेची भूकंप पूर्वानुमाने : आधी नोंद, मग नकाशा

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील तुम्हा तिघांना उन्हाळी इंटर्नशिपमध्ये कोयना-वारणा परिसराची भूकंप पूर्वानुमाने नकाशावर दाखवून त्यांचा संग्रह करण्याचे काम मिळाले आहे, आणि कोणते सॉफ्टवेअर शिकावे व संग्रह कसा रचावा, असे तुम्ही विचारले आहे. सॉफ्टवेअरचे उत्तर लहान आहे. नकाशासाठी क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर आणि आकडेमोडीसाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पुरेशी आहे. माझ्या मते तुमचा निम्म्याहून अधिक वेळ संग्रहावर जायला हवा, कारण नकाशा पुन्हा काढता येतो, पण पूर्वानुमान ज्या दिवशी दिले त्या दिवशी ते नेमके काय होते, याची नोंद हुकली तर ती मागाहून तयार करता येत नाही.

प्रत्येक पूर्वानुमानात कोणते क्षेत्र, कोणता कालावधी, कोणत्या मॅग्निट्यूडपासून (भूकंपाचा आकार सांगणाऱ्या आकड्यापासून) पुढे आणि किती संभाव्यता, या चार गोष्टी हव्यात. यांपैकी एक जरी नसली तर ते पुढे तपासता येणार नाही. पाचवी नोंद ते केव्हा दिले याची, आणि ती भूकंपाच्या आधीचीच असल्याचे सिद्ध करता आले पाहिजे. म्हणून एकदा ठेवलेल्या फाइलला हात लावू नका. दुरुस्ती झाली तर नवी आवृत्ती नव्या नावाने ठेवा आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे मजकुरात जराही बदल झाला तर बदलणारा तपासणीचा आकडा, वेगळ्या वहीत नोंदवा. कॅलिफोर्नियातील पार्कफील्डचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे सुमारे 6 मॅग्निट्यूडचा भूकंप 1993 च्या आत होईल, असे 1985 मध्ये लेखी जाहीर झाले होते. प्रत्यक्षात तो 28 सप्टेंबर 2004 रोजी झाला. मुदत आणि जागा कागदावर स्पष्ट असल्यामुळेच ते चुकल्याचे निर्विवादपणे सांगता आले, आणि शास्त्राला त्याचा मोठा उपयोग झाला.

आपल्याकडेही असे साहित्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2005 पासून, लहान धक्क्यांच्या क्रमावरून, कोयना परिसरातील सुमारे 4 मॅग्निट्यूडच्या भूकंपांची अल्पकालीन पूर्वानुमाने दिलेली आहेत. ती संग्रहात घेताना खरी ठरलेली तेवढीच घेण्याचा मोह टाळा. मुदत संपूनही काही न घडलेली पूर्वानुमाने आणि पूर्वसूचना नसताना झालेले भूकंप, या दोन्हींना तोच मान द्या, कारण यशाचे प्रमाण त्यांच्याशिवाय काढताच येत नाही.

कॅलिफोर्नियात 2006 ते 2010 अशी पाच वर्षे अनेक गटांची पूर्वानुमाने एकाच साच्यात घेऊन तपासली गेली. तो साचा 0.1 अंशाच्या चौकोनांचा होता आणि त्यात 4.95 व त्यापुढच्या मॅग्निट्यूडचे भूकंप मोजले गेले. तो जसाच्या तसा उचलू नका. 0.1 अंश म्हणजे साधारण 11 किलोमीटर, आणि कोयना-वारणेचा सक्रिय पट्टा जेमतेम 20 गुणिले 30 किलोमीटरचा आहे. सारा पट्टा पाच-सहा चौकोनांत संपेल. चौकोन लहान करावे लागतील, पण भूकंपाच्या केंद्राचे स्थान ठरवण्यात जेवढी अनिश्चितता असते, त्याहून लहान करण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे कोणत्या मॅग्निट्यूडपासून पुढचे सर्व धक्के भूकंपसूचीत आले आहेत, हे आधी काढा. भूकंपमापन केंद्रे वाढत गेली तशी ही मर्यादा खाली आलेली असते, त्यामुळे जुन्या आणि नव्या दशकांतील धक्क्यांची संख्या सरळ ताडून पाहता येत नाही.

वेळेबाबत काटेकोर राहा. कोयनेचा मोठा भूकंप आपल्या पाटण तालुक्यातील लोकांच्या आठवणीत 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा आहे, सुमारे 4 वाजून 21 मिनिटांचा. आंतरराष्ट्रीय सूचीत तोच 10 डिसेंबर, 22 वाजून 51 मिनिटे असा सापडतो, कारण ती वेळ ग्रीनिचची असून आपण साडेपाच तास पुढे आहोत. पूर्वानुमानाच्या, समजा पंधरा दिवसांच्या, मुदतीच्या टोकाशी झालेला धक्का या फरकामुळे आत किंवा बाहेर पडू शकतो. दोन्ही वेळा वेगळ्या रकान्यांत ठेवा. त्याच भूकंपाचे मॅग्निट्यूड कोठे 6.3 तर कोठे 6.5 असे आढळते. तेथेही एक आकडा निवडून दुसरा पुसू नका, तो कोणत्या मोजपट्टीचा आणि कोणत्या संस्थेचा, ते शेजारी लिहा. भूकंपसूच्यांमध्ये मागाहून दुरुस्त्या होतात, म्हणून पडताळणीसाठी वापरलेली सूची उतरवल्याच्या तारखेसह जपून ठेवा.

नकाशात खोली अवश्य दाखवा. गोठणे येथील 3 किलोमीटर खोल विंधनविवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला आहे, आणि येथील बहुतेक धक्के त्या खालच्या खडकात, पण 10 किलोमीटरच्या आत होतात. सपाट नकाशावर हे कळत नाही, जमीन उभी कापल्यासारख्या बाजूच्या छेदात लगेच कळते. छेदाखाली त्याच काळरेषेवर शिवाजीसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, पाणीपातळी मांडा, कारण पावसाळ्यातील भराव आणि त्यानंतरचा उपसा यांच्याशी येथील धक्क्यांचा संबंध दीर्घकाळ अभ्यासला गेला आहे. वारणेच्या जलाशयाची पातळी वेगळी काढा. दोघांची बेरीज केल्यास दोन्ही खोऱ्यांचे वेगळेपण हरवते.

दक्षिण कॅलिफोर्निया भूकंप केंद्रातील इंटर्न विद्यार्थ्यांनी भूकंप आणि प्रस्तरभंग (खडक जेथे तुटून सरकतात त्या भेगा) त्रिमितीत दाखवणारा एससीईसी-व्हीडीओ हा प्रोग्राम घडवला, आणि पुढे त्याचा चित्र रेखाटणारा भाग बदलावा लागला. तुमचाही प्रोग्राम जुना होईल. म्हणून मूळ आकडे साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या, कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या मजकुरात) ठेवा आणि प्रत्येक रकान्याचे एकक व अर्थ सांगणारी मराठी टिपणाची फाइल त्यासोबत असू द्या.

रंगांबद्दल मी आग्रही आहे. एखाद्या चौकोनातील आठवड्याची संभाव्यता हजारात एकवरून शंभरात एक झाली, तर ती दहापट वाढली, तरीही शंभरांपैकी नव्व्याण्णव वेळा काही घडणार नाही. असा चौकोन भडक लाल रंगवलेला पाटण किंवा हेळवाकच्या माणसाला दिसला, तर तो रात्र घराबाहेर काढेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. फिकट ते गडद अशी एकाच रंगाची श्रेणी वापरा आणि रंगपट्टीवर टक्के छापा. पूर्वानुमान दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि देणाऱ्या संस्थेचे नाव चित्राच्या आतच छापा, कारण व्हॉट्सॲपवर चित्र पुढे जाते तेव्हा खालचा मजकूर बरोबर जात नाही. चालू मुदतीचे नकाशे मार्गदर्शकांच्या आणि मूळ संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर देऊ नका. मुदत संपलेले नकाशे निकालासह खुले करण्याची परवानगी मात्र आताच मागून ठेवा.