नावाचा स्कोप की कामाचा?

प्रश्न : मी एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होत चालणारे पॉवर सप्लाय) आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड दुरुस्त करतो. आजवर मल्टिमीटरवर भागवलं, आता चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्यायचाय. नवा सिग्लेंट एसडीएस ११०४एक्स-ई आणि वापरलेला टेक्ट्रॉनिक्स टीडीएस २०१४, दोन्ही बजेटात बसतात. दोन्ही १०० मेगाहर्ट्झचे. सोबतचे म्हणतात, टेक्ट्रॉनिक्स तो टेक्ट्रॉनिक्स. काय करू?

उत्तर : सिग्लेंट घ्या. टीडीएस २०१४वर मी भरपूर काम केलंय. नॉब फिरवला की लगेच ऐकणारं गुणी यंत्र आहे, त्याच्याविषयी वाकडं बोलवत नाही. पण त्याची मेमरी चॅनेलमागे अवघी २,५०० पॉइंटची (पॉइंट म्हणजे व्होल्टेजची एकेक नोंद), आणि तुमचं काम नेमकं तिथेच अडेल.

टिकटिक करणारा पण सुरूच न होणारा सप्लाय तुमच्याकडे येतच असणार. तिथे पॉवर दिल्याबरोबरचा क्षण एकदाच पकडावा लागतो : एका चॅनेलवर कंट्रोलर आयसीचा व्हीसीसी (त्याला मिळणारं व्होल्टेज), दुसऱ्यावर मॉसफेटचं, म्हणजे स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं, गेट. टाइमबेस (पडद्यावरच्या एका चौकोनाला किती वेळ) १० मिलिसेकंदांवर ठेवला, तर टीडीएसला ४० मायक्रोसेकंदांमागे एक पॉइंट मिळतो. ६५ किलोहर्ट्झ स्विचिंगची एक सायकल साधारण १५ मायक्रोसेकंदांत आटोपते. म्हणजे दोन पॉइंटांच्या मधून अडीच सायकली निसटल्या. पडद्यावर उरतो तो निव्वळ गोंधळ. (पीक डिटेक्ट, म्हणजे पॉइंटांच्या मधली कमाल-किमान पातळी टिपणारं सेटिंग, लावलंत तर पल्स होते एवढं कळेल, त्यांची रुंदी नाही.) सिग्लेंटमध्ये चारही चॅनेल चालू असले तरी प्रत्येकाला ७० लाख पॉइंटपर्यंत मेमरी आहे. त्याच टाइमबेसला दर २० नॅनोसेकंदांनी एक पॉइंट! कॅप्चर थांबवा, झूम करत जा. व्हीसीसी कितव्या पल्सनंतर कोसळला ते मोजून सांगता येईल.

बँडविड्थची, म्हणजे किती वेगवान सिग्नल नीट दिसतो याची, चिंता नको. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ३.५ नॅनोसेकंदांचा राइज टाइम (सिग्नलची कड चढायला लागणारा वेळ); तुमच्या मॉसफेटच्या कडा सहसा त्याच्या कितीतरी पट संथ असतात. बोर्डांसाठी यूएआरटी, आयटूसी, एसपीआय या चिपांच्या आपसातल्या संवादपद्धतींचं डिकोडिंग सिग्लेंटमध्ये आतच आहे. डीडीआर मेमरी किंवा यूएसबी ३चे अतिवेगवान सिग्नल बघायचे असते, तर मीच महागड्या स्कोपकडे बोट दाखवलं असतं.

प्रोब (स्कोपची मोजणारी तार) १०एक्सवरच, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवरच, ठेवा. १एक्सवर बँडविड्थ जेमतेम ६ ते १० मेगाहर्ट्झ उरते आणि दोष बिचाऱ्या स्कोपवर येतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही स्कोपना सारखीच लागू. प्रोबची ग्राउंड क्लिप आतून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. ती सप्लायच्या प्रायमरी, म्हणजे थेट मेन्सला जोडलेल्या, बाजूला लावलीत की धडाम! दुरुस्तीचा सप्लाय मेन्सपासून वेगळा करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवा, नाहीतर डिफरन्शियल प्रोब (ग्राउंड क्लिप न लावता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारा) घ्या. त्यासाठी थोडं बजेट आत्ताच बाजूला काढा. आणि स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर तो अजिबात ऐकू नका : मग स्कोपची धातूची प्रत्येक उघडी जागा मेन्सवर येते, आणि तुमचा हात सारखा तिथेच असतो.