डिसेंबरात तीस अंशांच्या वर नाही

मित्रा,

"ताई, डिसेंबरात बर्फच कमी असतो, मग अ‍ॅव्हलांचचा धोकाही कमीच ना?" तुझ्या मेसेजमधलं हे वाक्य काल रात्रीपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. मनालीला स्कीइंगचा कोर्स झाला, स्कीच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्किन्स, लावून चढायला शिकलास, ऑफिसने वर्षअखेरची सुट्टी दिली, अटल बोगद्यापलीकडे, लाहौलमधल्या सिस्सू गावाच्या वरच्या नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, जाणारा ग्रुपही मिळाला. ते सगळे चल म्हणतायत आणि तुझ्या पोटात गोळा येतोय. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. डिसेंबरात तीस अंशांहून तीव्र उतारावर जायचं नाही. तू नाही, ते नाहीत, आणि "फक्त एकदाच" म्हणून तर मुळीच नाही.

आता बर्फ कमी म्हणजे अ‍ॅव्हलांचचा, हिमस्खलनाचा, धोका कमी, हे का खोटं आहे ते नीट वाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, येतो आणि फूटभर बर्फ टाकून जातो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ उन्हाने जातो, उत्तरेकडच्या सावलीतला राहतो. मग आठवडेच्या आठवडे आभाळ निरभ्र. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची हवा उणे १५, आणि मध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर बर्फ. दर १० सेंटिमीटरला एक अंशाचा फरक पडला तरी आतले कण बदलायला लागतात, इथे तर तो पाच अंशांचा आहे. तळाची वाफ वर सरकते, कण मोठे आणि टोकदार होतात, एकमेकांना धरेनासे होतात. तोच फरक दोन मीटर जाडीत वाटला गेला असता तर तळ टिकला असता. बर्फ कमी आहे म्हणूनच तळ पोखरला जातो, उलटं नाही.

हे कण एकदा हातात घेऊन बघ. फावड्याने जमिनीपर्यंत खड्डा खणायचा, भिंत सपाट करायची आणि तळाशी बोटं घालायची. वरच्या थरात बोट शिरत नाही, खाली अख्खी मूठ जाते. मूठभर बर्फ हातमोज्यावर घेतलास तर त्याचा गोळा होत नाही. कण सुटे घरंगळतात, भिंगातून बघितलं की त्यांच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा दिसतात. यावर डिसेंबरचा पहिला मोठा विक्षोभ दोन-तीन फूट बर्फ टाकतो आणि वारा तो दाबून घट्ट करतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलायस, घसाऱ्यावर पाय टाकला की काय होतं ते तुला सांगायला नको. त्या घसाऱ्यावर भलीमोठी फरशी ठेवलीय आणि तू तिच्यावर उभा आहेस, असं समज.

तुझा ग्रुप म्हणतो, बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस थांबू, मग जाऊ. नुसता ताजा बर्फ बसायला तेवढे दिवस बहुतेकदा पुरतात. पण या तळाला पुरत नाहीत. तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, आणि वरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. दिवस मोजून त्याच्यावर इलाज होत नाही, म्हणून मी अंश मोजते. असे थर सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, सर्वांत जास्त ३८च्या आसपास. आणि नेमके तेच उतार स्कीला मजेदार वाटतात.

नाळेचं तर आणखी वाईट. सुरुवातीच्या हंगामात धोंड्यांना स्की न घासता उतरता येईल एवढा बर्फ कुठे असतो? वाऱ्याने आणून भरलेल्या नाळांत. म्हणजे तुम्हाला जागा मिळते तीच सगळ्यात भरलेली, आणि बाजूला धोंडे वर डोकं काढून उभे. त्या धोंड्यांजवळ बर्फ पातळ असतो, म्हणून तिथूनच तुमचं वजन तळापर्यंत पोचतं. थर सुटला की माणूस गुदमरायच्या आधीच दगडांवर आपटू शकतो. "छोटीशी नाळ आहे" असं लिहिलंयस. छोट्या नाळेत बर्फाला पसरायला जागा नसते, तो एकाच ठिकाणी खोल साचतो.

तीस अंश म्हणजे फक्त तुझ्या पायाखालचे नव्हेत, हेही लक्षात ठेव. सपाटीवर उभा राहूनही तू डोक्यावरचा उतार सोडवू शकतोस, कारण खालचा थर कोसळला की तडा लांबवर धावत जातो. पायाखाली "धप्प" असा आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळाली, तर आल्या वाटेने मागे. चर्चा नको.

मला माहीत आहे, आता तू म्हणशील की ग्रुपमध्ये अनुभवी लोक आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का दांडावर हिमस्खलनात सापडली, दोन डझनांहून जास्त माणसं गेली. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांत सर केलं होतं. तिच्यापेक्षा अनुभवी माणूस तुझ्या ग्रुपमध्ये आहे का? तिथे कुणाचं चुकलं हे मी म्हणत नाहीये, मला तो अधिकारही नाही. बर्फाला आपला बायोडेटा वाचता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि बीकन, बीकन काय करतोस? बर्फाखालच्या माणसाची जागा सांगणारं ते सिग्नलचं यंत्र अंगावर आहे म्हणून उतार बदलत नाही. पुरलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटं बरी आशा असते, अर्ध्या तासानंतर ती फार थोडी उरते. लाहौलमध्ये तेवढ्या वेळात बाहेरून कुणी येणार नाही, जे काय करायचं ते सोबत्यांनीच. मीटरभर खोल माणसाला काढायला टनभर बर्फ उपसावा लागतो, आणि बर्फ वाहायचा थांबल्या क्षणी घट्ट होतो. हिमस्खलनाचा इशारा येतो तोही जिल्ह्याचा किंवा भागाचा, तुझ्या नाळेचा नाही. तुमच्यातल्या किती जणांनी फावडं पाठीवरून काढून कधी चालवलंय? आम्ही पहाटे गोराईच्या वाळूत सॅकमध्ये बीकन घालून पुरायचो आणि शोधायचो. सिग्नल पकडणं सोपं असतं, प्रोब, म्हणजे लांब काठी, टोचून नेमकी जागा लागली की खरी दमछाक उपसण्यात होते. हे कर, जरूर कर. पण उतार निवडून झाल्यावर.

तू विचारलंस, "तिथे गेल्यावर बघून ठरवलं तर?" नाही. तिथे गेल्यावर तू ठरवणार नाहीस. तिथे ऊन पडलेलं असेल, सुट्टी संपत आलेली असेल, चौघं स्की बांधून तयार असतील आणि आधीच्या कुणाची तरी रेघ नाळेत उमटलेली असेल. त्या रेघेचा अर्थ एवढाच की तो माणूस पातळ जागा चुकवून गेला. म्हणून आकडा इथे, घरी, जेवणाच्या टेबलावर ठरवायचा. तिथे फक्त होकायंत्रातल्या लोलकाने किंवा मोबाईलने मोजायचं.

माझं स्वतःचं सांगते, कारण ते तुझ्या कानावर आलंच असेल. मनालीजवळच्या सोलांगच्या वर, अशाच एका डिसेंबरात, मी ३५ अंश मोजले, तळ खणून बघितला आणि उतरणार नाही म्हटलं. बाकीचे उतरले. काहीही झालं नाही. सगळे खाली पोचले, हसत होते, आणि दादरला गाडी येईपर्यंत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. ज्याच्याबरोबर मी सह्याद्रीतल्या अवघड भिंती चढले, त्याने मला पुढे कधी दोर धरायला बोलावलं नाही. त्या मैत्रीची हळहळ मला अजून आहे. ती नाळ मी कधीच उतरले नाही, तीही आहे. पण माझं बरोबर होतं. ते सुखरूप आले यावरून उतार सुरक्षित होता असं ठरत नाही. कमकुवत थरावरून दहा जण जातात आणि अकरावा चुकीच्या जागी पाय ठेवतो, मग आधीच्या दहांनी काय सिद्ध केलं? हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगेन, मला भित्री म्हणणारे म्हणोत.

तुला स्की करूच नको असं मी म्हणतेय असा समज करून घेऊ नकोस. सुट्टी रद्द करू नकोस. सिस्सू ३,१०० मीटरांवर आहे, तिथून वर पंचवीस अंशांखालचे माळ शोध, डोक्यावर काही लटकत नाही ना ते बघ, आणि दिवसभर स्किन्सवर चढ-उतर कर. पाय तयार होतील, नजर तयार होईल. सावलीतल्या सपाटीवर खड्डे खण आणि दरवेळी तळ हातात घेऊन बघ. ती नाळ मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ जाड होऊन बसल्यावर, पहाटेच्या गोठलेल्या पृष्ठभागावर पुन्हा तपासू. मी येईन.

ग्रुपला आज रात्रीच कळव. "मला भीती वाटते" असं लिहू नकोस, नाहीतर ते तुझी समजूत काढत बसतील. "डिसेंबरात तीस अंशांच्या वर मी येणार नाही, बाकी सगळीकडे आहे" असं लिही. वाद घालतील, घालू देत. त्यांच्यातल्या एकाला जरी पटलं तर त्याचा नंबर मला दे, रविवारी तुम्हा दोघांना गोराईला नेते. फावडी माझ्याकडे आहेत.

तुझी,
ताई